पोटातलं देऊळ

सकाळी चूळ भरायला चौकात आलो, तर झाडांच्या वर रोज दिसणारं लाल देऊळ पांढरं झालेलं. तोंडातलं पाणी तोंडातच राहिलं. खरं म्हणजे हुकूम माझाच होता. चुना कोणत्या भट्टीचा घ्यायचा, त्यात झाडाच्या सालीचं चिकट पाणी किती घालायचं, सगळं मीच सांगून खाणीवर दगड निवडायला गेलो होतो. काल अंधार पडल्यावर परत आलो, तोवर मुकादम उलुमच्या गवंड्यांनी काम उरकलं होतं. जुन्या देवळाच्या माथ्यावर नवं बांधायला जुनं पुरायचं तर आधी त्याला पांढरं करायचं, ही आमची रीत आहे. मेलेल्या माणसाला गुंडाळल्याशिवाय कोणी मातीत ठेवत नाही, तसंच हे. पण रीत माहीत असणं निराळं, आणि ज्या लाल रंगाकडे बघून ऊन किती चढलं ते लहानपणापासून ओळखायचो, तो रंगच जाणं निराळं. दारावरचा पक्षी जागच्या जागी होता, त्याच्या चोचीतून बाहेर येणारा सूर्याचा चेहरा होता, माथ्यावरचा उंच तुरा होता, तुऱ्यातलं पक्ष्याचं डोकं होतं. काहीही हललं नव्हतं, आणि तरी ते देऊळ माझ्याकडे बघत नव्हतं. मागून सिहोमचा आवाज आला. "थुंका की आता. का तेही महाराजांना विचारून थुंकायचं?" मी पाणी गिळूनच टाकलं.

सिहोम माझी बायको. ते देऊळ तिच्या वडिलांनी बांधलेलं, तुन मो यांनी. राजांच्या आजोबांच्या काळात ते राजवाड्याचे मुख्य बांधकारी होते. त्यांच्यामागून ते पद माझ्याकडे आलं, त्या पदाबरोबर हे चार बाजूंनी चार दगडी घरं असलेलं आवार आलं, आणि त्या आवाराबरोबर खुद्द सासरेही आले. म्हणजे मी ज्या ओट्यावर झोपतो त्याच ओट्याखाली ते आहेत, गुडघे छातीशी घेऊन, तोंडात हिरव्या दगडाचा मणी ठेवून. आमच्याकडे मोठ्या माणसांना गेल्यावरही घरातच ठेवतात, त्यात काही विशेष नाही. पण हाडाच्या बांधकाऱ्यावर हाडाच्या बांधकाऱ्याने इतकी वर्षं झोपायचं म्हणजे रोजची कटकट असते. कधी झोप लागत नसली की मी खाली तोंड करून म्हणतो, मामा, तुमच्या पायऱ्या फार उभ्या होत्या. मामा, उत्तरेच्या भिंतीला तुम्ही पाणी जायला वाट ठेवली नाहीत, ती मी काढली. ते काही बोलत नाहीत. हयातीतही फार बोलत नसत. आणि मग मी हमखास शेवटी त्या मागच्या खोलीवर येतो, कारण तिथं मला त्यांच्यावर मात केल्याचं सुख मिळतं.

ती मागची खोली साऱ्या शहराच्या चेष्टेचा विषय होती. लाल देवळात दोन खोल्या. पुढची ऐसपैस, भिंती वर जाताना एकमेकींकडे इतक्या मऊपणे झुकणाऱ्या की आत गेलेला माणूस आपोआप मान वर करून उभा राहायचा. आणि तिच्यामागे, जिथं राजाने बसून पूर्वजांना धूप द्यायचा, ती खोली इतकी अरुंद की ओट्यावर बसलं की गुडघे समोरच्या भिंतीला घासायचे. आताच्या राजांच्या आजोबांचे गुडघे म्हणे तिथंच सोलले होते. बाजारात मिरच्या विकणाऱ्या बायकासुद्धा कुठं दाटी झाली की म्हणायच्या, "अगं सरक, काय तुन मोची खोली आहे का?" मीही म्हणायचो. माझ्या लग्नाच्या जेवणात, टर्कीच्या रश्शाचं भांडं हातात धरून, मी सासऱ्यांच्या समोर म्हणालो होतो, "मामांनी खोली आधी बांधली आणि राजा नंतर मोजला." सगळे हसले. तेही हसले, अगदी मनापासून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मला तेव्हा वाटलं होतं की म्हातारा खिलाडू आहे, आणि थोडासा कमी बुद्धीचाही असावा.

त्या दिवशी चुन्याचा वास नाकात घेऊनच मी कामावर गेलो. लामत तिथं आधीच येऊन उभा होता. लामत राजांचा कारभारी. कानांतली हिरवी कुंडलं इतकी जड की बोलताना मान हलवायची नाही हे त्याने अंगवळणी पाडून घेतलं होतं, आणि त्यामुळे तो काहीही बोलला तरी निकाल दिल्यासारखं वाटायचं. नव्या देवळाचा प्रश्न सरळ होता. लाल देवळाभोवती दगडमातीचा भराव घालून मोठा चौथरा करायचा, त्यावर नवं देऊळ. पण राजांनी एक अट घातली होती. शेजारी त्यांच्या वडिलांचं देऊळ आहे, त्याच्यापेक्षा आपलं वर जाता कामा नये. मेलेल्या बापापेक्षा उंच होणं शोभत नाही, हे कोणालाही पटेल. पण त्या उंचीत बसवायचं तर लाल देवळाचा तुरा नव्या देवळाच्या मागच्या खोलीच्या जमिनीतून गुडघाभर वर डोकावणार होता. "मग कापा," लामत म्हणाला. मी तुऱ्याकडे बघत राहिलो. "आकबुवा, झाकायचंच आहे ना ते? झाकल्यावर मढ्याला नाक आहे की नाही कोण बघणार? इतर ठिकाणी तर डोळे फोडूनच पुरतात." ते खरं होतं. फोडल्याने जुन्या देवळाचा जीव निघून जातो, नव्याला त्रास होत नाही, असं मानणारेही पुष्कळ आहेत. "महाराजांना खोली सरळ हवी," तो म्हणाला, "आणि उंबऱ्यावर तुमचं नाव कोरायचं त्यांनी कबूल केलंय. तुमच्या सासऱ्यांना जे मिळालं नाही ते तुम्हाला मिळतंय. नाक कसलं मोजत बसलात?"

आणि मी कापायला तयार होतो. हे साफ सांगतो, कारण नाहीतर पुढचं कळणार नाही. उंबऱ्यावर नाव! राजांची नावं तर दगडावर असतातच, पण ज्याच्या हातांनी ते दगड उभे राहिले त्याचं नाव क्वचित कोणी कोरू देतं. मी कित्येक वर्षं ती अक्षरं मनात कोरत आलो होतो. आक म्हणजे कासव, आणि माझ्या नावाचं ते कासव कुठल्या बाजूला तोंड करून असावं, हेही ठरलेलं होतं. उलुमला मी म्हणालो, "आधी मागच्या खोलीत नैवेद्य पुरू, मग तुऱ्याला हात लावू." उलुम माझा मुकादम, गळ्याची कातडी टर्कीसारखी लोंबते म्हणून हे नाव, आणि त्याला त्याचा रागही नाही. तो म्हणाला, "चला मालक, गुडघे सांभाळा." सगळे हसले, मीही हसलो.

आत गेल्यावर मात्र हसू गेलं. कित्येक वर्षं मी त्या देवळात फक्त कामाच्या नजरेने आलो होतो, कुठं गिलावा फुगलाय, कुठं मुंग्या लागल्यात. आता दारावरचा पडदा काढलेला, धुराने काळ्या झालेल्या भिंतींवर उजेड थेट पडत होता आणि पुढच्या खोलीत मी नकळत मान वर करून उभा राहिलो. दोन भिंती खांद्यापर्यंत सरळ येतात आणि मग एकेक दगड पुढे सरकत जातात, वरचा खालच्यापेक्षा बोटभर पुढे, आणि कुठंही घाई नाही. मी बांधतो तेव्हा वरच्या चार थरांत मला घाई होते, पाऊस येईल, माणसं शेताकडे पळतील. म्हाताऱ्याला घाई झालेली नव्हती. वर जिथं दोन्ही भिंती जवळजवळ भेटतात तिथं झाकणीचे दगड इतके नीट बसले होते की कुठं एक थांबला आणि कुठं दुसरा सुरू झाला ते गिलाव्याखालूनही कळत नव्हतं. माझ्या मनात आलं, हे मला जमलेलं नाही. हे कधीच जमणार नाही. ते वाटणं इतकं स्वच्छ होतं की त्यात मत्सराला जागाच उरली नव्हती. मग मी मागच्या खोलीत शिरलो, ओट्यावर बसलो, आणि गुडघे भिंतीला लागले. ज्या माणसाने ती पुढची खोली बांधली त्याला माणसाच्या मांडीची लांबी माहीत नव्हती? इतकी वर्षं हा प्रश्न मला एकदाही कसा पडला नाही, कोण जाणे. विनोद तयार असला की माणूस विचार करत नाही.

नैवेद्याचं भांडं ठेवायला ओट्यामागच्या भिंतीतला दगड काढायचा होता. उलुमने गारगोटीच्या छिन्नीने सांधा मोकळा केला, दगड ओढला, आणि त्याचा हात कोपरापर्यंत आत गेला. तो म्हणाला, "मालक, मागं भराव नाही. माती आहे, पण ठोकलेली नाही. थापलेली आहे." मी त्याला बाजूला सारून स्वतः हात घातला. ओलसर, गार, बारीक चाळलेली माती. ती बोटांनी खरवडत गेलो, आणि बोटांना नाक लागलं. माणसाएवढं नाही, त्याच्या तिप्पट. नाकावरून हात वर गेला तर मिटलेल्यासारखा डोळा, चुन्याचा पातळ थर, गुळगुळीत. आम्ही आणखी तीन दगड काढले, चिकूच्या लाकडाचा पलिता आत धरला. लाल देवळाच्या पोटात दुसरं देऊळ होतं. त्याहून जुनं, लहान, पांढऱ्या चुन्यात गुंडाळलेलं, कोपऱ्यावर एक देवाचा चेहरा, आणि त्या चेहऱ्याचं काहीही मोडलेलं नव्हतं. ओठ शाबूत होते, कानातली कुंडलं शाबूत होती, कुंडलाला लोंबणारा मण्याएवढा दगडी थेंबसुद्धा शाबूत होता. त्या चेहऱ्याचं नाक जिथपर्यंत पुढे आलं होतं तिथूनच हातभर जागा सोडून तुन मोंनी आपली भिंत घातली होती. ती सोडलेली जागाच खोलीतून गेली होती. नाक फोडलं असतं तर राजाचे गुडघे वाचले असते.

पलित्याचा धूर डोळ्यांत जात होता. मातीच्या थरावर, जिथं ती शेवटची थापली होती तिथं, हाताचे पंजे उमटलेले होते, एकाशेजारी एक, पोळपाटावर मक्याची भाकरी थापावी तसे हलक्या हाताने उमटलेले. डाव्या पंज्याला करंगळी नव्हती. तुन मोंची डाव्या हाताची करंगळी तरुणपणी दगडाखाली गेली होती. लग्नात त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला तेव्हा ती रिकामी जागा मला जाणवली होती. हाताखाली एवढे गवंडी असताना हा माणूस आत शिरून स्वतः माती थापत होता. मी माझा पंजा त्या पंज्यावर ठेवला. मग मला जेवणाची ती रात्र आठवली, रश्शाचं भांडं, माझा विनोद, आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसणारे ते. खिलाडू! कमी बुद्धीचा! मी त्या अरुंद खोलीत बसलो होतो, गुडघे भिंतीला टेकलेले, आणि मला रडू आलं. उलुम म्हणाला, "धूर फार झालाय," आणि पाठ वळवून उभा राहिला.

घरी येऊन सिहोमला सगळं सांगितलं. ती चुलीपाशी पानात गुंडाळलेले मक्याचे गोळे वाफेवर ठेवत होती. तिचा हात थांबला. "बाबा तेव्हा घरी यायचे ना," ती म्हणाली, "तेव्हा नखांत माती असायची. आई ओरडायची, एवढी माणसं हाताखाली आणि तुम्ही कसली भांडी घासता? ते म्हणायचे, पाहुण्याला झोपवून आलो." मग तिने भांड्यावर झाकण ठेवलं. म्हणाली, "तुम्ही तुरा कापणार होता." मी म्हणालो, होतो. "आणि आता?" आता न कापायचं तर मागच्या खोलीची जमीन गुडघाभर उचलावी लागणार होती. छप्पर वर नेता येत नाही, म्हणजे दार तेवढं बुटकं होणार. आत जाताना प्रत्येकाला वाकावं लागणार, राजालाही. "राजांना सांगा की खरं कारण," ती म्हणाली. मी म्हणालो, "सांगितलं की ते एकच शब्द बोलतील. काप. आणि एकदा ते बोलले की मला कापावंच लागेल. मापात चूक झाली असं दिसलं तर फक्त मीच जाईन." "आणि नाव?" "नाव जाईलच." सिहोमने माझ्या हातावर एक गोळा ठेवला, चटका बसेल इतका गरम. म्हणाली, "जीभ भाजून घेऊ नका. फुंकून खा."

पुढचे दोन उन्हाळे मी जसा जगलो तसा त्याआधी कधी जगलो नव्हतो. काढलेले दगड आम्ही होते तसे परत बसवले, नैवेद्य ठेवला, आणि लाल देवळाच्या दोन्ही खोल्या आतून हाताने भरत आणल्या, जमिनीपासून वरपर्यंत, आधी माती, मग दगड, मग पुन्हा माती. कपाळपट्टीने पाठीवर टोपल्या आणणारी माणसं ओतायला गेली की मी ओरडायचो, "ओतू नका, ठेवा!" उलुमने त्यांना सांगितलं, "अंड्यांच्या ढिगाशी वागता तसं वागा, नाहीतर मालक रडतात." बाहेरून भराव चढत गेला. पक्ष्याचे पाय गेले, पंख गेले. सूर्याच्या चेहऱ्यापाशी आलो तेव्हा मी सगळ्यांना खाली पाठवलं आणि गालाला, डोळ्यांना, नाकाच्या दोन्ही अंगांना माझ्या हाताने माती थापली. ज्या वळणाकडे मी लहानपणापासून खालून बघत आलो होतो ते तळव्याखाली आलं आणि मला कळलं की तो ओठ खालून हसरा दिसावा म्हणून वर किंचित जाड ठेवलेला होता. कोणी हे कधी पाहणार नव्हतं. मला ते कळलं, एवढ्यानेच मी इतका सुखी झालो की त्या दिवशी जेवायचंही विसरलो. लामत मधूनमधून येऊन बघून जायचा. चौकटीच्या वरची आडवी पाटई बसवली त्या दिवशी त्याने तिच्यापुढे उभं राहून आपल्या कपाळाशी हात धरला. "आकबुवा, हे माप कुणी घेतलं?" "मी." "दोरी ताणली होती का?" "ताणली होती." तो पुन्हा म्हणाला, "तुरा कापला होता ना?" मी म्हणालो, "तुम्ही सांगितल्यावर विषयच मिटला." मान न हलवता तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. "तुमचं वय झालं," तो म्हणाला आणि गेला. मला वाटतं त्याला कळलं होतं. पण तोवर वरची जमीन घोटून चकाकायला लागली होती, आणि ती फोडायला सांगणं म्हणजे आपल्याच देखरेखीत चूक झाली असं कबूल करणं होतं.

नव्या देवळाच्या वास्तूच्या दिवशी खाली अख्खं शहर जमलं होतं. शंख वाजले, धुराचे लोट चढले, राजे पायऱ्या चढून आले. डोक्यावर पिसांचा एवढा मोठा मुकुट की त्यांचा चेहरा त्यात लहान मुलासारखा दिसत होता. पुढच्या खोलीत ते थांबले आणि त्यांनी मान वर केली. वरचे चार थर मी घाई न करता बांधले होते. मग ते मागच्या दाराशी आले, आणि मुकुट पाटईला अडला. एक निळं पीस तुटून खाली पडलं. राजांनी मुकुट काढून लामतच्या हातात दिला, कंबरेत वाकले, उचललेल्या जमिनीवर तोल सावरायला तळवा टेकला आणि तसेच क्षणभर राहिले. त्या तळव्याखाली, वीतभर मातीच्या खाली, पक्ष्याचं डोकं होतं. राजा आपल्या आजोबांच्या देवळासमोर वाकला होता, आणि हे मी, उलुम, सिहोम आणि फार तर लामत सोडून जगात कोणाला ठाऊक नव्हतं. "आक," आतून त्यांचा आवाज आला. "आमच्याच घरात आम्हाला वाकायला लावलंस?" मी म्हणालो, "माझं माप चुकलं, महाराज." मग ते म्हणाले, "आमच्या आजोबांचे गुडघे सोलले, आता आमचं डोकं. तुमच्या घरात मापं चुकायची परंपराच दिसते." कोणीतरी भीत भीत हसलं. मग राजे हसले, मग सगळेच हसले. "उंबऱ्यावर नाव कोरायचं राहू द्या," बाहेर येऊन ते लामतला म्हणाले, "लोकांना त्याचं नाव तसंही लक्षात राहील."

राहिलं. आठवडाही गेला नसेल. दुपारी ओट्यावर पडलो होतो, सिहोम दाराशी बसून कापूस पिंजत होती, आणि आवाराबाहेरच्या वाटेने मिरच्यांच्या टोपल्या घेऊन दोन बायका चालल्या होत्या. कुणाच्या तरी अंगणातल्या झाडाची फांदी वाटेवर आली असावी. एक म्हणाली, "अगं वाक, वाक! आकची खोली आली." दुसरी खिदळली. सिहोमने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसत होती, अगदी तिच्या वडिलांसारखी. मी कुशीवर वळलो, ओट्याच्या दगडावर बोटांनी टकटक केलं आणि म्हणालो, "मामा, ऐकलंत का? मलाही हसायला लागले."